पऱ्यातले मासे आणि आजीची बरणी

आमच्या वाडीच्या खाली पऱ्या आहे. पावसाळ्यात तो इतका भरतो की पलीकडच्या वाडीतली मुले शाळेत येऊ शकत नाहीत. दिवाळीनंतर पाणी उतरते आणि जागोजागी डोह राहतात. त्यात बोटाच्या पेराएवढे बारके मासे असतात. मोठी माणसे त्यांच्याकडे बघत नाहीत, कारण त्यांचा अर्धा घास पण होत नाही. पण ते घरी पाळता येतात. मी गेल्या वर्षी तिसरीत असताना पाळले होते.

मासे पकडायला गळ नको. गळाने तोंड फाटते. मी आणि माझा चुलतभाऊ जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घेतो. दोघांनी दोन दोन टोके धरायची, तुकडा पाण्यात बुडवायचा आणि वर भाताची चार शिते टाकायची. मग अजिबात हलायचं नाही. मासे आले की एकदम उचलायचे. भाऊ नेहमी मधेच हसतो आणि मासे पळतात. पाणी गुडघ्याच्या खाली असेल तिथेच जायचे. मासा हाताने धरू नये. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो निघाला तर मासा आजारी पडतो.

दांडवण मासा लांबट असतो. त्याच्या अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असते. दुसरा मासा पाण्याच्या अगदी वर तरंगतो आणि त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका चमकतो. आम्ही मुले त्याला टिकल्या म्हणतो. तो डासांच्या अळ्या खातो. पण तो फार उड्या मारतो, म्हणून बरणीवर फडके बांधावे लागते. कधी लालसर पिल्लांचा थवा दिसतो. मला ती फार आवडली होती. पण काका म्हणाले, "अरे सोड ती. मरळीची पोरं हायत. आईबाप खाली राखण करतायत." मी खाली पाहिले तर खरेच मोठा मासा होता. मरळ मोठी झाली की बाकीचे मासे खाते, म्हणून ती बरणीत नकोच.

पहिल्यांदा मी अकरा मासे आणले. आजीची लोणच्याची बरणी घेतली, नळाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली आणि मासे सोडले. सकाळी नऊ मेलेले होते. मी त्या दिवशी जेवलो नाही. आजी आधी बरणीसाठी ओरडली, मग तीच गप्प बसली.

गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी माझ्या चुका सांगितल्या. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती जंतू मारते, पण माशांचे कल्लेही जाळते. म्हणून पऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी घ्यावे. नळाचेच असेल तर बादलीत एक दिवस उन्हात उघडे ठेवावे. दुसरी चूक म्हणजे बरणीचा गळा अरुंद. मासे पाण्यात विरघळलेली हवा कल्ल्यांनी घेतात. ती हवा पाण्याच्या वरच्या बाजूने आत जाते. गळ्यापर्यंत भरले तर हवा जायला जागा लहान होते. अर्धी बरणी भरली तर पाणी कमी, पण हवा जास्त! मला हे खरे वाटेना, पण करून बघितले. मासे वर येऊन तोंड उघडेनासे झाले. आणि अकरा मासे फार होतात, चार पुरे.

बरणी साबणाने धुवायची नाही. उन्हात पण ठेवायची नाही, कारण गरम पाण्यात हवा कमी राहते. खायला अगदी चिमूटभर द्यायचे. उरलेला भात कुजला की पाणी नासते. चार दिवसांनी थोडे पाणी काढून तेवढेच नवे घालायचे. सगळे एकदम बदलायचे नाही. ताई म्हणते की हा माशांचा तुरुंग आहे. ते थोडे खरे आहे.

मे महिन्यात कुणीतरी रात्री वरच्या डोहात पावडर टाकली, मोठे मासे मिळावेत म्हणून. सकाळी पाण्यावर पांढरी पोटेच पोटे होती. खेकडे पण मेले. दांडवण, टिकल्या, मरळीची पोरं, एकही जिवंत नव्हता. आजीने म्हशीला तिकडे नेले नाही. आमच्या डोहातले चार मासे बरणीत होते, तेवढेच उरले. मी लगेच सोडायला निघालो तर काकांनी थांबवले. पाणी विषारी आहे, पाऊस पडून पऱ्या वाहू दे, म्हणाले. मी रोज आभाळ बघायचो.

जूनमध्ये पाणी आले. पहिला लोंढा जाऊ दिला. मग भाताच्या खाचराजवळ, पाणी संथ होते तिथे, बरणी पाण्यात टेकवून ठेवली. आत थोडे थोडे पऱ्याचे पाणी घातले, म्हणजे माशांना एकदम गार लागत नाही. टिकल्या उडी मारून आधीच गेला. दांडवण बरणीच्या तोंडाशी थोडा थांबला, मग मुळांखाली शिरला.

गुरुजींनी सांगितले आहे की टाकीतले गप्पी मासे पऱ्यात टाकू नका, ते दक्षिण अमेरिकेतले आहेत आणि आपल्या माशांची पिल्ले खातात.

बरणी आजीला परत दिली. तिने सात वेळा धुतली. आता त्यात मीठ आहे.