मॅक्रोसाठी फ्लॅश ब्रॅकेट घेताय?

पावसाळा सुरू झाला की मॅक्रोवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात आणि हा प्रश्न येतोच. १०० एमएम मॅक्रो लेन्सने १:१ वर फोटो काढताना किडा लेन्सच्या तोंडापासून जेमतेम १३-१५ सेंटिमीटरवर असतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशचा उजेड त्याच्या पलीकडे जातो आणि लेन्सची सावली नेमकी किड्यावर पडते. फ्लॅश लेन्सच्या टोकाशी आणून खाली झुकवायचा, ब्रॅकेटचं काम एवढंच.

घेताना सांधे बघा. फ्लॅश लावा, स्क्रू आवळा, कॅमेरा जरा हलवा. मान टाकली तर ब्रॅकेट दुकानातच ठेवून या! लवचीक गूजनेक दिसायला छान, पण जड फ्लॅशखाली हळूहळू वाकतो. ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूवर बसणारा, दोन सांध्यांचा साधा अ‍ॅल्युमिनियमचा हात मला जास्त भरवशाचा वाटतो. टीटीएल केबल किंवा वायरलेस ट्रिगरचे पैसे आधीच धरा. डिफ्यूझर हवाच, नाहीतर बेडकाच्या ओल्या पाठीवर पांढरे डाग चमकतात.

लग्न-मुंजीचे फोटोही काढत असाल तर फ्लिप ब्रॅकेट बघा. कॅमेरा उभा धरला तरी फ्लॅश लेन्सच्या वरच राहतो, त्यामुळे भिंतीवर बाजूला सावली दिसत नाही. झुडपात शिरताना मात्र तो हमखास अडकतो.