मोटारसायकलची घरगुती निगा व धातूच्या भागांची झिलई

शेतकऱ्याच्या अंगणात नांगर, कुळव आणि पाभर यांच्या शेजारी आज मोटारसायकल उभी असलेली दिसते, आणि तिची जागा तेथेच आहे. कारण ती आता केवळ प्रवासाचे साधन राहिलेली नाही. १९७२ साली बाजारात आलेली लुना खेड्यात आली तेव्हा ती हौसेची वस्तू मानली जाई. आज मात्र पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविणे, खताचे पोते बांधावर नेणे, वैरणीचा भारा आणणे, फवारणीचा पंप व औषधाचे पाणी वाहणे ही सर्व कामे मोटारसायकलच करते. फाळ बोथट झाला तर तो पाजवून आणल्याशिवाय आपण नांगरणीस लागत नाही. विळ्याला धार आहे की नाही हे सुगीपूर्वी पाहतो. परंतु या अवजाराच्या वाट्याला तेवढी निगा क्वचितच येते. ते रस्त्यात बंद पडले म्हणजे मगच त्याची आठवण होते.

गावोगाव हिंडताना या विषयावर बोलणे निघाले की, "साहेब, गाडी पुसून दूध वाढते का?" असा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पुसण्याने दूध वाढत नाही. परंतु वाढलेले दूध वेळेवर व सुखरूप केंद्रावर पोहोचते की नाही, हे पुष्कळदा पुसण्यावर अवलंबून असते. ते कसे, हे समजण्यासाठी शेतावरील मोटारसायकल नेमकी कशाने खराब होते हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

शेतकऱ्याची मोटारसायकल खडबडीत रस्त्याने जितकी झिजते, त्याहून अधिक ती आपणच तिच्यावर लादलेल्या मालाने खाल्ली जाते. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो हे सर्वांस ठाऊक आहे. या पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर हीच क्रिया अनेक पटींनी वेगाने होते. अमोनियम सल्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश यांसारख्या खतांचे जे दाणे पोत्यातून मागील मडगार्डवर, साखळीवर व आऱ्यांच्या मुळाशी सांडतात, ते पावसाळी दमट हवेतील ओलावा शोषून घेतात व रात्रभर धातूवर खारट पाण्याचा लेप धरून ठेवतात. किटलीतून हिंदकळलेले दूध आंबून आम्लधर्मी होते. गोठ्यातच गाडी उभी करण्याची पद्धत असेल, तर शेणमूत्राचा ओलावा आणि अमोनिया वायू यांची त्यात भर पडते. कोकणपट्टीत आणि गोव्यात समुद्रावरील खाऱ्या वाऱ्याचा परिणाम तर न सांगताही दिसतो.

मोरचुदाचे पाणी वाहणाऱ्यांनी विशेष जपले पाहिजे. द्राक्ष बागायतदारांना बोर्डो मिश्रणाची विळ्याची परीक्षा परिचित आहे. मिश्रणात पाते बुडवून ठेवले असता त्यावर तांबूस लेप चढला, तर चुना कमी पडला असे आपण समजतो. हा लेप तांब्याचा असतो, आणि तो चढताना त्याच्या मोबदल्यात विळ्याचे लोखंड विरघळून गेलेले असते. कॅनमधून गळालेले मोरचुदाचे पाणी मोटारसायकलच्या लोखंडी सांगाड्यावर नेमके हेच करते. इंजिनाच्या व चाकाच्या तुंब्याच्या ॲल्युमिनियमलाही ते तितकेच अपायकारक आहे. असे पाणी सांडल्यास संध्याकाळची वाट न पाहता तेथल्या तेथे साध्या पाण्याने धुऊन टाकावे.

आठवड्यातून एकदा, आणि खत किंवा औषध वाहिल्यास त्याच दिवशी, गाडी धुणे इष्ट होय. इंजिन व सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो सावलीत, प्रथम नुसत्या पाण्याने माती भिजवून उतरवावी. कोरड्या मातीवर फडके फिरविल्यास मातीचे कण कानसेप्रमाणे रंग खरवडतात. नंतर अंगाच्या किंवा वाहनांच्या सौम्य साबणाचे पाणी वापरावे. धुण्याचा सोडा वापरू नये. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा व तो नंतर आठवणीने काढावा. पंपाचा जोरदार झोत चाकांच्या तुंब्यांवर, हवा घेण्याच्या तोंडावर व दिव्यांच्या बटणांवर मारू नये. जेथे सावकाश पडणारे पाणी शिरत नाही तेथे झोताचे पाणी शिरते, आणि मग बेअरिंगमधील ग्रीस धुऊन जाते. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचेच पाणी खारट असल्यामुळे गाडी धुऊन तशीच वाळू दिली तर पाणी उडून जाते आणि क्षार धातूवर राहतात. तेथे शेवटचा हात पिण्याच्या गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने फिरवावा व गाडी लगेच कोरडी करावी.

कोरडे करण्याच्या या कामालाच मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. धुणे लांबून होते. पुसताना मात्र हात प्रत्येक नटावर, प्रत्येक आऱ्यावर व प्रत्येक सांध्यावर जातो. ढिला झालेला आरा, टायरमध्ये रुतलेला काटा, इंजिनाखाली साचलेले तेल हे सर्व फडके हाती असतानाच सापडते. किटल्या अडकविण्यासाठी आपण लोहाराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांची जी चौकट बसवून घेतो, तिचे जोड तर दर वेळी डोळ्यांनी पाहावेत. जोडावरील रंगात केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली, तर तो वरवरचा गंज समजून त्यावर रंगाचा हात मारू नये. पुष्कळदा ती आतील भेगेची खूण असते. भेगेतून ओलावा आत जातो व गंज बाहेर येतो. भरलेल्या किटल्यांसह ही चौकट रस्त्यात तुटली, तर नुकसान केवळ दुधाचे होत नाही. अशी रेघ दिसताच ती गाडी भार वाहण्यास लावू नये आणि चौकट काढून जोड नव्याने भरून घ्यावा.

आता झिलईकडे वळू. येथे बहुतेक चूक होते ती सर्व धातूंना एकच उपाय करण्याची. घरातील भांडी राखेने घासतात, म्हणून इंजिनालाही राख लावलेली मी पाहिली आहे. राख ही विम्लधर्मी आहे, आणि धुण्याचा सोडा तसाच. ॲल्युमिनियम विम्ल पदार्थांत विरघळते व काळवंडते. शिवाय राखेतील खर त्यावर ओरखडे पाडते. म्हणून हाती घेतलेला भाग कोणत्या धातूचा आहे हे आधी ओळखावे. लोहचुंबक चिकटला व पृष्ठभाग आरशासारखा असला तर बहुधा ते क्रोमचा मुलामा दिलेले पोलाद होय. चुंबक न चिकटणारा, करड्या रुपेरी रंगाचा इंजिनाचा ओतीव भाग ॲल्युमिनियमचा समजावा.

क्रोमला स्वतःला गंज चढत नाही. परंतु हा मुलामा अत्यंत पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी जाडीचा असतो, व त्यातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या पोलादाचा गंज ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. हे ठिपके पॉलिश पेपरने घासल्यास गंजाबरोबर मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे ठिपक्याऐवजी चट्टा दिसतो. त्याऐवजी पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्यामुळे गंज निघतो व मुलामा शाबूत राहतो. नंतर पुसून, कोरडे करून, गाडीचे मेण अथवा तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. सायलेन्सरला मात्र तेल लावू नये, ते जळून डाग पडतात. मुलाम्याचे पापुद्रे निघू लागले असतील तर झिलईचा उपयोग नाही. तेथील गंज पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढावा, अस्तराचा रंग द्यावा व वर साधा रंग लावून मोकळे व्हावे. सायलेन्सरसाठी उष्णता सोसणारा निराळा रंग मिळतो, तोच घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या झाकणांवर कारखान्यातच पारदर्शक लेप दिलेला असतो. तो शाबूत असेपर्यंत साबणाचे पाणी व मेण एवढेच पुरे आहे. लेप पिवळा पडून सुटू लागला असेल आणि झिलई द्यावयाचीच असेल, तर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर क्रमाने ४००, ८००, १२०० व २००० क्रमांकाचा वापरावा. प्रत्येक कागद एकाच दिशेने चालवावा व पुढचा त्याच्या आडवा. आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण नाहीशा झाल्यावरच पुढचा क्रमांक घ्यावा. येथे घाई केली तर रेघा शेवटी उन्हात हटकून दिसतात. मग धातू चकाकविण्याचे मलम जुन्या बनियनच्या मऊ तुकड्यावर घेऊन घासत राहावे. फडके काळे होईल, ते झिजलेले ॲल्युमिनियम होय. स्वच्छ फडक्याने पुसून मेण लावल्यावर आरशासारखी चकाकी येते यात शंका नाही. तथापि लेप निघून गेल्याने ती दर काही आठवड्यांनी पुन्हा आणावी लागते. वरातीत मिरविण्याच्या गाडीला हे ठीक. रोज शेतावर जाणाऱ्या गाडीचा लेप मुद्दाम काढू नये असे माझे मत आहे. ड्रिलला बफचे चाक लावून हे काम करणाऱ्यांनी डोळ्यांस चष्मा लावावा, सैल बाह्या, उपरणे किंवा ओढणी दूर ठेवावी. पितळ मोटारसायकलवर फारसे नसते. फवारणी पंपाच्या पितळी भागांना चिंच चालते, पण घासून झाल्यावर ते भरपूर पाण्याने धुवावेत.

काही भाग मात्र चमकविण्याच्या फंदात कधीही पडू नये. पुढील चाकाच्या डिस्कला मेण, तेल किंवा मलम यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. ब्रेकची पकड त्या पृष्ठभागाच्या कोरडेपणावर असते, आणि झिलईचा हात चुकून तेथे गेला तर उतारावर त्याची किंमत मोजावी लागते. ड्रमच्या आतील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला चकाकीचे द्रव लावणेही तितकेच घातक आहे. गंजलेल्या साखळीवर किंवा आऱ्यांवर संडास साफ करण्याचे ॲसिड टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. गंज निघतो हे खरे, परंतु कठीण पोलाद अशा आम्लाने ठिसूळ बनते, आणि चकचकीत दिसणारी साखळी ओझ्याखाली तुटते.

साखळीची निगा डिझेल किंवा रॉकेल, जुना दात घासण्याचा ब्रश व ९० क्रमांकाचे गिअर तेल एवढ्यावर होते. पेट्रोल वापरू नये. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करावे आणि किल्ली खिशात ठेवावी. इंजिन सुरू ठेवून फिरत्या साखळीला फडके धरण्याची सवय अनेकांना आहे. फडक्याबरोबर बोटेही चक्राच्या दात्यांत ओढली जातात, आणि गेलेली पेरे परत येत नाहीत. चाक हाताने उलटे फिरवीत कडी-कडी ब्रशने धुवावी, कोरडी करावी, मग आतल्या बाजूने तेलाचे थेंब सोडून जादा तेल पुसून घ्यावे. खालच्या पदराच्या मध्यावर साखळी वर-खाली किती हलते ते चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे. बहुतेक लहान गाड्यांत ही ढिलाई दोन ते तीन सेंटिमीटर ठेवतात, पण आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकातील अंक प्रमाण मानावा. कडी जोडणाऱ्या चिमट्याचे बंद टोक साखळीच्या पुढे जाण्याच्या दिशेला असावे. धुण्यानंतर थोडे अंतर सावकाश चालवून, ब्रेक हलकेच दाबीत ते कोरडे करावेत, आणि मगच किटल्या चढवाव्यात.

इंजिनाच्या आतील कामे घरी किती करावीत, याला आता मर्यादा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाच्या गाड्या आल्या व त्यांत बहुतांशी कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणीची यंत्रणा असते. तिला घरी हात लावू नये. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरच्या पितळी जेटमध्येही तार घालू नये, छिद्र मोठे होऊन पेट्रोल अधिक जळते. हवेची गाळणी मळणीच्या दिवसांत लवकर भरते, म्हणून ती अधिक वेळा पाहावी. स्पंजची असल्यास रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, तेलाचा हात देऊन बसवावी, आणि तेलकट कागदाची असल्यास धुण्याच्या खटपटीत न पडता बदलावी. इंजिनाचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले असे समजून तेल बदलण्यास विलंब करू नये.

बदललेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, जनावरांच्या जखमांना लावू नये व धान्याच्या कणगीच्या लाकडांनाही चोपडू नये. झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवून पुढच्या खेपेस गॅरेजमध्ये द्यावे. तेथून ते पुनर्शुद्धीकरणासाठी जाऊ शकते. तेलाची व डिझेलची फडकी चुलीपासून व कडब्याच्या गंजीपासून दूर, पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.