भोपळ्याचं फूल : मधही तिथेच, रोगाचं दारही तिथेच

बुकित तिमाह परिसरातल्या आपल्या मंडळींच्या कुंड्यांत किंवा कम्युनिटी गार्डनच्या वाफ्यात तुळस-कढीपत्त्याच्या जोडीला एखादा भोपळ्याचा वेल असतोच. आणि त्याबरोबर एक तक्रारही ठरलेली : "फुलं ढीगभर येतात हो, पण फळ काही धरत नाही!" या तक्रारीचं उत्तर फुलातच दडलेलं आहे.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुलं येतात. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ. मादी फुलाच्या खाली मात्र इवलासा भोपळा आधीपासूनच दिसतो. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात, म्हणून ती गळाली तर घाबरू नये. दोन्ही फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. म्हणजे जे काही व्हायचं ते सकाळच्या चार-पाच तासांत!

मधमाशीला नर फुलात परागही मिळतो आणि मधही. मादी फुलाकडे पराग नाही. मग पाहुण्याने तिथे यावं कशाला? म्हणून मादी फूल नर फुलापेक्षा जास्त मध देतं. पपईचा हिशेब नेमका उलटा. तिच्या नर फुलात मध असतो, मादी फुलात जवळजवळ नाहीच. ते नर फुलासारखं दिसतं, आणि पतंग फसून तिथे येतात.

पण मधाच्या वासाने फक्त मधमाशाच येतात असं थोडंच आहे? आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली याच बुकित तिमाहच्या जंगलात भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती गोळा केल्या होत्या. असे पाहुणे परागाबरोबर रोगजंतूही आणू शकतात. उत्तर अमेरिकेत काकडी-भोपळ्यावर जिवाणूंमुळे होणारा एक मर रोग आहे. पिवळे-काळे भुंगेरे फुलात जमतात, त्यांच्या विष्ठेतले जिवाणू मधाच्या ग्रंथींवर पडतात आणि तिथून वेलात शिरतात. वेल अक्षरशः उभ्याउभ्या सुकतो.

झाडही स्वस्थ बसत नाही, बरं का! मध म्हणजे नुसतं साखरपाणी नव्हे. उदाहरणार्थ, तंबाखूच्या जातीतल्या काही झाडांच्या मधात जंतूंना मारक असं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

आता खरी गंमत पाहा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी विषाणूंना दाद न देणारे भोपळ्याचे वेल शेतात लावून पाहिले. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारचे साधे वेल विषाणूने खंगले, त्यांची फुलं कमी झाली. मग भुंगेऱ्यांनी मोर्चा वळवला तो टवटवीत, फुलांनी डवरलेल्या वेलांकडे, आणि मर रोगाने तेच जास्त गाठले गेले!

म्हणून बियांच्या पाकिटावर 'रोगप्रतिकारक' असं लिहिलेलं असेल, तर प्रथम विचारावं, "कोणत्या रोगाला?" एका रोगाला तोंड देणारा वेल दुसऱ्याला बळी पडू शकतो. भुरी, केवडा आणि मावा पसरवतो ते विषाणू, हे सगळे वेगवेगळे शत्रू आहेत.

आपण घरी काय करावं? सकाळी फुलं उघडी असताना कोणतीही फवारणी करू नये; संध्याकाळी, फुलं मिटल्यावर करावी. पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घालावं. उंच मजल्यावर मधमाशी फिरकत नसेल, तर ताजं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, पराग मादी फुलाला हलकेच लावावा. पण रोगट वेलाचं फूल निरोगी वेलाला लावू नये. एकाच जातीवर भिस्त न ठेवता दोन-तीन जातींचे वेल लावावेत. एकाला रोगाने गाठलं तरी दुसरा ताटात भाजी वाढेल.

उद्या सकाळी वेलाजवळ दोन मिनिटं जरूर थांबा. फुलात कोण शिरतंय ते पाहा. वेलाच्या तब्येतीचा अंदाज तिथेच येईल.