माशाला जंतू कळतो कसा

झेब्राफिशचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं असतं, आणि आरपार पारदर्शक. काचेच्या बारीक सुईने त्याच्या रक्तात चमकणारे जिवाणू सोडले, की भक्षक पेशी सरकत येऊन त्यांना गिळताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. 1999 साली फिलिप एर्बोमेल आणि सहकाऱ्यांनी हे भ्रूणातच घडताना दाखवलं. जंतुगणिक वेगळी प्रतिपिंडं बनवणारी यंत्रणा मात्र तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. जिवाणूंनी भरलेल्या पाण्यात हे चार ते सहा आठवडे पिल्लू भक्षक पेशींसारख्या जन्मजात प्रतिकारशक्तीवरच निभावतं. तरीही तिला ‘ढोबळ’ म्हटलं जातं, ते पटत नाही.

तिला होणारी जंतूची ओळख ढोबळ नाही, मोजक्या जागी नेमकी आहे. पेशींवरचे टोल-सदृश ग्राही (टीएलआर) जंतूचा असा भाग हेरतात, जो बदलणं त्याला परवडत नाही: जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन टीएलआर-5 ओळखतो, विषाणूचा दुपदरी आरएनए टीएलआर-3 आणि माणसात नसलेला टीएलआर-22. यावर आक्षेप असा, की जिवाणूच्या आवरणातल्या ज्या लिपोपॉलिसॅकराइडने माणूस दगावू शकतो, त्याचे मोठे डोसही मासे पचवतात. फुगू माशात तर ते ओळखणारा टीएलआर-4 नाहीच. पण याला आंधळेपणा का म्हणावं? असे जिवाणू चोवीस तास अंगाला लागत असताना प्रत्येक वेळी पेटून उठणारा मासा स्वतःच्याच दाहाने मेला असता, असं मानायला जागा आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार: मायकोबॅक्टेरियम मरीनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद भक्षक पेशीतच मुक्काम ठोकतो. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने 2014 साली झेब्राफिशमध्येच दाखवलं, की तो एका मेदाच्या थराखाली आपल्या ओळखीच्या खुणा झाकतो. तो थर काढला, की ग्राहींना तो सापडतो आणि जंतू मारणाऱ्या भक्षक पेशी धावून येतात. ढोबळ पहारेकऱ्यासाठी एवढी लपवाछपवी कुणी करत नाही.

अटलांटिक कॉडचा जनुकसंच 2011 साली वाचला गेला, तेव्हा एमएचसी-2 ही प्रतिपिंडांच्या यंत्रणेतली महत्त्वाची कडीच त्यात नव्हती. काही टोल-सदृश ग्राहींच्या प्रती मात्र वाढलेल्या होत्या. मत्स्यबीज केंद्रांनी यातून एवढं घ्यावं: प्रतिपिंडांची यंत्रणाच अजून तयार नसलेल्या कोवळ्या बीजाला लस शिकवणार तरी काय? त्या वयात खर्च करायचा तो स्वच्छ पाण्यावर आणि टाकीतली गर्दी कमी करण्यावर.