बोलपटाचा पहिला नायक, तोही झोपेत!

तलवारबाजी, घोडेस्वारी, उंचावरून उड्या. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हे सगळं मास्टर विठ्ठल करत होते. हॉलिवूडच्या साहसवीर नटावरून ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ ही त्यांची ओळख. आणि या मर्दानी गड्याचं पडद्यावरचं पदार्पण कशात? नर्तकीच्या वेशात! कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, ‘कल्याण खजिना’ (1924) या मूकपटात. त्याआधी ते राजापूरकर नाटक मंडळीत बालनट होते. कोल्हापूरच्या कंपनीत त्यांनी संकलनाचंही काम केलं.

पुढे मुंबई. शारदा फिल्म कंपनीनं ‘रतन मंजरी’त (1926) त्यांना नायक केलं आणि मारधाडपटांचा धडाका सुरू झाला. मूकपट असल्यानं एक बरं होतं, हिरोची भाषा कुणी विचारत नसे.

मग निर्माते-दिग्दर्शक आर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ या बोलपटासाठी विठ्ठलना उचललं. करार मोडला म्हणून शारदानं त्यांना कोर्टात खेचलं, तर विठ्ठलच्या बाजूनं उभे राहिलेले वकील कोण? बॅरिस्टर महंमद अली जिना! खटला विठ्ठलनी जिंकला. ‘आलम आरा’च्या नायकाच्या भूमिकेवर तरुण मेहबूब खान यांचाही डोळा होता, पण नाव विठ्ठलचं मोठं.

खरी गंमत त्यानंतरची. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ, म्हणून आवाजासाठी चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर. एवढी जागरणं करून कळलं काय, तर आपल्या नायकाला हिंदी-उर्दू संवाद जमेनात! तोडगा अफलातून निघाला: विठ्ठलच्या राजपुत्राला बऱ्याच प्रसंगांत झोपेत किंवा गुंगीतच दाखवलं. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट झळकला, आणि त्याचा नायक जवळजवळ मुका! हाणामारीच्या या बादशहाचं नाव इतिहासात राहिलं ते नेमकं त्यानं फारसे हातपाय न हलवलेल्या चित्रपटामुळं. याला म्हणतात नशीब.

पण गडी खचला नाही. 1933 मध्ये त्यांनी ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. त्यात शाहू मोडकांनी दोन भूमिका केल्या. भारतीय बोलपटातला हा पहिला डबल रोल मानतात. मराठी बोलायला तर अडचण नव्हतीच, त्यामुळं भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (1939) ते पुन्हा आपल्या माणसांत दिसले. 1969 साली त्यांचं निधन झालं.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले ते मोजकेच. तेव्हा कोल्हापूरकरांनो, वाड्याच्या माळ्यावर जुन्या रिळांचे गंजके डबे सापडले तर भंगारात घालू नका. उन्हात किंवा चुलीपाशीही ठेवू नका, जुनी नायट्रेट फिल्म भसकन पेटते. सरळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.