थडग्यातील चक्रव्यूह व बत्तीस नियम

घरच्या दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळ खेळता यावेत म्हणून अटारी या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये एक लहान संगणक विक्रीस आणला. पुढे तो ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झाला. या यंत्रासाठी १९८२ मध्ये ‘एन्टूम्ब्ड’ नावाचा खेळ निघाला. या शब्दाचा अर्थ ‘थडग्यात गाडलेला’ असा होतो. भूमिगत दफनस्थानात अडकलेल्या शोधकाने तेथील हिंडणाऱ्या प्रेतांचा स्पर्श टाळून वाट काढावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. चक्रव्यूह पडद्यावर सतत सरकत असतो. जो मागे पडतो तो बाद होतो.

आता प्रश्न असा की, एवढा लांबलचक चक्रव्यूह यंत्राने साठवावयाचा कोठे? या संगणकाची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती. एका बाइटमध्ये रोमन लिपीतील एक अक्षर मावते. म्हणजे वहीतील दोन-तीन ओळींत ही सारी स्मृती संपते!

यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक आहे. चक्रव्यूह साठवावयाचाच नाही. लागेल तसा ओळीओळीने रचावयाचा. लोकरीचे वस्त्र विणताना मागील ओळीतील टाके पाहून पुढचा टाका घालतात, तसाच हा प्रकार होय. प्रत्येक ओळीच्या डाव्या अर्ध्या भागात आठ घरे ठरविली जातात. उजवा भाग म्हणजे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे त्यांचीच उलट प्रत असते. नवे घर ठरविताना शेजारची पाच घरे पाहिली जातात : डावीकडील दोन व वरच्या ओळीतील तीन. प्रत्येक घरात भिंत तरी असते किंवा मोकळी वाट तरी. म्हणून पाच घरांच्या एकंदर स्थिती २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२ होतात. या प्रत्येक स्थितीसाठी एका कोष्टकात उत्तर दिलेले आहे : ‘भिंत’, ‘वाट’ किंवा ‘दोहोंपैकी कोणतेही’. तिसरे उत्तर आल्यास, नाणे उडवावे त्याप्रमाणे निर्णय यदृच्छेवर सोपविला जातो. त्यामुळे दर खेपेस चक्रव्यूह निराळा होतो.

मात्र या नियमाची दृष्टी पाच घरांपलीकडे पोचत नाही. पुढे वाट बंद होईल की काय, हे त्यास कळत नाही. म्हणून खेळाडूस भिंत फोडण्याचे वा उभारण्याचे एक साधनही दिलेले आहे.

कॅलगरी विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ जॉन एकॉक आणि यॉर्क विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ तारा कॉपलस्टोन यांनी या खेळाचे केलेले परीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्खननात सापडलेल्या वस्तूप्रमाणे त्यांनी त्याची यांत्रिक आज्ञावली उकलून वाचली. कोष्टक कसे चालते हे समजले; परंतु त्यातील उत्तरे नेमकी तीच का, याचा उलगडा होईना. खेळाचे आज्ञावलीकार स्टीव्हन सिडली यांनाही तो करता आला नाही. पुढे या चक्रव्यूहाच्या रचनेवर डंकन म्यूरहेड यांच्यासमवेत काम केलेले पॉल न्यूएल स्वतःच संशोधनात सहभागी झाले व २०२२ मध्ये त्याचा पुढील वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

यंत्र काय करते हे आज्ञावलीवरून शोधून काढता येते. ते तसे का करते, हे पुष्कळदा रचणाऱ्यासच ठाऊक असते. अवघ्या चार दशकांत हा हेतू दुर्बोध व्हावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. जुने संगणक व त्यांच्या आज्ञावल्या जतन करताना त्यांच्या कर्त्यांची निवेदनेही वेळीच नोंदवून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.