कारागिराचा शिक्षक होताना

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांपुढचे, पण पदवीच्या खालचे जे शिक्षण शाळेबाहेर मिळते त्याला 'फर्दर एज्युकेशन' म्हणतात. या नावाखाली बरेच काही येते: गवंडीकाम, वीजजोडणी, केशकर्तन, बालसंगोपन, हिशेबनीसी, परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग, तुरुंगातले वर्ग, कारखान्यातल्या उमेदवारांचे प्रशिक्षण. आपल्याकडचे आयटीआय, तंत्रनिकेतन, कनिष्ठ महाविद्यालय आणि रात्रशाळा एकत्र केल्या, तर तिथल्या एखाद्या मोठ्या कॉलेजचा साधारण अंदाज येतो.

इथे शिकवणारा माणूस बहुधा शिक्षक होण्यासाठी घरून निघालेला नसतो. वीस वर्षे प्लंबिंग केलेला, हॉटेलच्या भटारखान्यात हात भाजून घेतलेला किंवा रुग्णालयात रात्रपाळ्या काढलेला असा तो कसबी माणूस असतो. मध्यम वयात तो शिकवण्याकडे वळतो, बरेचदा आठवड्यातून एखाद्या संध्याकाळच्या वर्गापासून. हातात कसब पक्के असते, पण वर्गाचा अनुभव शून्य. तिथली प्रशिक्षणव्यवस्था अशा माणसाला दुहेरी व्यावसायिक मानते. आपल्या धंद्यातही तो पारंगत असला पाहिजे आणि अध्यापनातही. यातली दुसरी बाजू उभी करण्याची पहिली पायरी म्हणजे शिकवू इच्छिणाऱ्यांसाठीचा प्रास्ताविक अभ्यासक्रम. सध्या त्याचे नाव 'अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग', थोडक्यात 'एईटी'.

हा तिसऱ्या स्तराचा, म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या तोडीचा, 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे. एक श्रेयांक म्हणजे दहा तासांचे काम, या हिशेबाने सगळा मिळून 120 तासांचा. त्यातले 48 तास प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली जातात. बाकीचे वाचन आणि लेखी स्वाध्याय घरी. प्रवेशासाठी पदवी लागत नाही. आपला विषय नीट येणे आणि लिहिण्या-वाचण्यापुरते इंग्रजी असणे पुरते. मुख्य म्हणजे, आधीपासून कुठे शिकवत असण्याची अटही नाही. भारतात आयटीआयच्या शिल्प निदेशकांसाठी असलेला 'सीआयटीएस' हा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो. त्याच्याशी तुलना केली तर एईटी किती आटोपशीर आहे ते लक्षात येते.

अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत. पहिला भूमिका आणि जबाबदाऱ्यांचा. समतेविषयीचा 2010 चा कायदा, अल्पवयीन आणि असुरक्षित विद्यार्थ्यांचे संरक्षण, नोंदी कशा ठेवायच्या, हे सारे त्यात येते. पण कसबी माणसाला खरोखर नवा वाटणारा मुद्दा मर्यादेचा असतो. कारखान्यातला मुकादम हाताखालच्या पोराच्या घरगुती भानगडीतही लक्ष घालतो आणि अडीनडीला पैसेही देतो. कॉलेजात तसे चालत नाही. विद्यार्थी कर्जात बुडाला असेल किंवा घरी मारहाण होत असेल, तर शिक्षकाने ऐकून घ्यायचे आणि त्या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे त्याला पोचवायचे. स्वतः समुपदेशक व्हायचे नाही.

दुसरा भाग सर्वांत मोठा, निम्म्या श्रेयांकांचा. नियोजन कसे करायचे, शिकवायचे कसे आणि वर्गातल्या प्रत्येकाला सामावून कसे घ्यायचे हा त्याचा विषय. तिसरा भाग मूल्यमापनाचा. शिकता शिकता होणारे आकारिक मूल्यमापन आणि शेवटी होणारे संकलित मूल्यमापन यांतला फरक आपल्याकडच्या शाळाशिक्षकांना तोंडपाठ असतो, पण कसबी माणसाला तो इथेच प्रथम भेटतो. पुरावा विद्यार्थ्याचा स्वतःचाच आहे का, पुरेसा आहे का, ताजा आहे का, दुसऱ्या परीक्षकानेही तोच निकाल दिला असता का, असे प्रश्न विचारायची सवय त्याला लावली जाते. विटांची भिंत ओळंब्यात आहे की नाही हे त्याला नजरेने कळते. त्याचा निकष कागदावर मांडायला सांगितले की मात्र पंचाईत होते.

या सगळ्याची परीक्षा होते ती सूक्ष्म अध्यापनात. ही पद्धत 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, आणि महाराष्ट्रातल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनाही ती ओळखीची आहे. आपल्याकडे त्यात प्रश्न विचारणे, फलकलेखन अशी एकेक कौशल्ये सुटी करून पाच-सहा मिनिटे घोटवली जातात. एईटीमध्ये मात्र किमान 15 मिनिटांचा अख्खा पाठ घ्यावा लागतो. त्याला सुरुवात हवी, मध्य हवा आणि विद्यार्थी काय शिकले याची तपासणीही हवी. प्रत्येकाने सूक्ष्म अध्यापनात एकूण तासभर भाग घ्यायचा असतो. स्वतःची पंधरा मिनिटे सोडून उरलेला वेळ बहुतेक जण इतरांचे पाठ बघण्यात घालवतात. विद्यार्थी म्हणून समोर बसलेले असतात ते बरोबरचेच उमेदवार: फुलांची सजावट करणारी बाई, व्यायामशाळेतला प्रशिक्षक, लेखापाल.

समजा, एक वायरमन तीन पिनांच्या ब्रिटिश प्लगची जोडणी शिकवायला उभा आहे. त्याच्या पहिल्या पाठ टाचणात उद्दिष्ट हमखास असे असते: 'विद्यार्थी प्लगची रचना समजून घेतील.' प्रशिक्षक 'समजून घेतील' या शब्दांखाली रेघ मारतो. समजले हे दिसणार कसे? मग उद्दिष्ट बदलते: विद्यार्थी तपकिरी वायर फ्यूजच्या बाजूच्या टर्मिनलला, निळी न्यूट्रलला आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थला जोडेल, वायरचे वरचे आवरण पकडीखाली घट्ट बसवेल. आता ते दिसते आणि तपासता येते.

तरीही पाठ फसण्याची शक्यता राहतेच. वायरमन ब्रिटिश घरातल्या वर्तुळाकार वायरिंगपासून सुरुवात करतो, त्यावरून फ्यूज प्लगच्या पोटात का असतो यावर येतो, तीन अँपिअर आणि तेरा अँपिअरचा फरक सांगतो. एव्हाना नऊ मिनिटे गेलेली असतात आणि कोणाच्याही हातात अजून स्क्रूड्रायव्हर आलेला नसतो. त्याने सांगितलेले सगळे खरे असते, उपयोगाचेही असते. फक्त त्या पंधरा मिनिटांत ते बसत नाही. जे स्वतःच्या हातांना केव्हाच वळण पडून गेले आहे, त्याच्या पायऱ्या सुट्या करून दाखवणे हे वेगळे कसब आहे, आणि ते या वेळी प्रथमच जाणवते. शिवाय समोरच्या एकीला 'न्यूट्रल' हा शब्दच नवा असतो, एकजण डावखुरा असतो आणि एकाला मागच्या बाकावरून नीट ऐकू येत नाही. सामावून घेणे म्हणजे काय, हे दुसऱ्या भागातल्या व्याख्येपेक्षा इथे लवकर कळते. पाठानंतर सहकारी आणि प्रशिक्षक अभिप्राय देतात आणि उमेदवार स्वतःच्या पाठाचे परीक्षण लिहितो. लेखी कामाचे बाड कितीही जाड असले, तरी या अभ्यासक्रमाचा खरा गाभा ही पंधरा मिनिटेच आहेत.

लेखी भागात काही जुना माल अजून खपतो, हेही सांगायला हवे. ब्लूम यांचे 1956 चे उद्दिष्टांचे वर्गीकरण नियोजनाला उपयोगी पडते. पण विद्यार्थ्यांची 'बघून शिकणारे', 'ऐकून शिकणारे' आणि 'करून शिकणारे' अशी विभागणी करणाऱ्या प्रश्नावल्या या वर्गांत वर्षानुवर्षे वाटल्या गेल्या. फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अध्ययनशैलींच्या अशा 71 प्रारूपांची नोंद घेऊन त्यांतली 13 बारकाईने तपासली, आणि बऱ्याच प्रारूपांचा पाया कच्चा निघाला. विशेष म्हणजे हे काम फर्दर एज्युकेशनच्याच क्षेत्रासाठी झाले होते. तरी प्रश्नावल्या लगेच हटल्या नाहीत. छोट्या अभ्यासक्रमाला सोप्या कोष्टकांचा मोह आवरत नाही.

कसबी शिक्षकाला असे प्रशिक्षण सक्तीचे असावे की नाही, यावर इंग्लंडने अनेकदा मत बदलले आहे. 1944 च्या मॅकनेअर अहवालानंतर बोल्टन, लंडन आणि हडर्सफील्ड इथे तांत्रिक शिक्षकांसाठी खास महाविद्यालये निघाली, पण तिथे गेलेच पाहिजे असे बंधन नव्हते. अनेकांनी सिटी अँड गिल्ड्स या 1878 पासूनच्या परीक्षा संस्थेचा '730' हा अभ्यासक्रम संध्याकाळी जाऊन पुरा केला. जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात आजही तो नुसत्या आकड्याने येतो. 1993 मध्ये कॉलेजे स्थानिक प्रशासनाच्या हाताखालून स्वतंत्र झाली आणि शिक्षकांची पात्रता पुष्कळशी ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर राहिली. 1999 मध्ये या क्षेत्रासाठी राष्ट्रीय मानके आली. 2001 पासून नव्या शिक्षकांना त्यांवर आधारलेली पात्रता आवश्यक ठरली. 2003 मध्ये ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेने मात्र प्रशिक्षणावर कडक ताशेरे ओढले. वर्गखोलीतला सिद्धान्त ठीक होता, पण प्रत्यक्ष कॉलेजात आपल्या विषयाच्या जाणत्या शिक्षकाकडून मिळायला हवे ते मार्गदर्शन फार थोड्यांना मिळत होते.

त्यातून 2007 चे नियम आले. 1 सप्टेंबर 2007 पासून नेमलेल्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या वर्षाच्या आत 'पीटीएलएलएस' हा प्रास्ताविक अभ्यासक्रम आणि पाच वर्षांच्या आत पुढची पात्रता पुरी करायची होती. 'पीटीएलएलएस'चा उच्चार सगळे 'पेटल्स' असाच करत. सुरुवातीला तो अवघ्या सहा श्रेयांकांचा होता. पुढे बारा झाले. दरसाल तीस तासांचे उजळणी-प्रशिक्षण आणि व्यावसायिक संस्थेचे सभासदत्वही सक्तीचे झाले. या सभासदत्वानेच घात केला. सरकारने सभासदांची वर्गणी भरणे थांबवले, ती शिक्षकांच्या खिशातून जाणार असे ठरले आणि शिक्षक संघटनेने बहिष्कार पुकारला. 2012 मध्ये लॉर्ड लिंगफील्ड यांच्या समितीने नियमच रद्द करण्याची शिफारस केली आणि 2013 मध्ये ते रद्द झाले. 'पेटल्स'च्या जागी एईटी आला. आशय फारसा बदलला नाही, फक्त कायद्याची सक्ती गेली. कोणाकडे काय पात्रता हवी हे पुन्हा कॉलेजे ठरवू लागली.

हा छोटा अभ्यासक्रम जे करू शकत नाही तेही सरळ आहे. सूक्ष्म अध्यापनातले विद्यार्थी समंजस प्रौढ असतात आणि सहकारी म्हणून ते सांभाळूनच घेतात. खऱ्या वर्गात मात्र सतरा वर्षांचे वीस जण असतात. त्यांतल्या काहींना शाळेत इंग्रजी किंवा गणितात अपेक्षित श्रेणी मिळालेली नसते. 2014 पासून अशांना कॉलेजातही तो विषय चालू ठेवावा लागतो, कारण तसे केले नाही तर कॉलेजचे अनुदान अडते. केस कापायला शिकायला आलेल्या मुलीला पुन्हा अपूर्णांक पुढ्यात आलेले बघावे लागतात. तिचा वैताग कसा हाताळायचा हे 48 तासांत शिकवून होत नाही. त्यामुळे एईटी पुरा केला म्हणजे शिक्षक तयार झाला असे एखाद्या संस्थेने धरून चालणे हा त्या अभ्यासक्रमावरही अन्याय आहे.

म्हणून पुढच्या पायऱ्या. एईटीच्या वर चौथ्या स्तराचे 36 श्रेयांकांचे प्रमाणपत्र आले, त्यात किमान 30 तास खरे अध्यापन होते. त्याच्या वर पाचव्या स्तराची 120 श्रेयांकांची पदविका, 100 तास अध्यापन आणि आठ पाठ निरीक्षणांची. 2021 ची श्वेतपत्रिका आणि 2022 चा कौशल्य कायदा यांच्यानंतर सरकारने या शिक्षकांच्या प्रशिक्षणात पुन्हा लक्ष घातले. सप्टेंबर 2024 पासून जुन्या पदविकेच्या जागी पाचव्या स्तराची नवी अध्यापन पदविका लागू झाली आणि तिचा आशय आधीपेक्षा बारकाईने ठरवून देण्यात आला. उद्योगांतून कॉलेजांत येणाऱ्यांना मदत देणारी 'टेकिंग टीचिंग फर्दर' ही योजना त्याआधी 2018 मध्येच सुरू झाली होती. तिची गरज पडली, कारण चांगल्या वायरमनला किंवा अभियंत्याला बाहेर मिळणारा पैसा कॉलेजच्या पगारापेक्षा सहसा जास्त असतो.

एईटी अजूनही चालू आहे. कंपन्यांतले प्रशिक्षक आणि आठवड्याला दोन-चार तास शिकवणारे त्यावर थांबतात. कॉलेजात पूर्णवेळ राहू इच्छिणारे पदविकेकडे जातात आणि त्यानंतर 'क्यूटीएलएस' ही व्यावसायिक मान्यता मिळवतात. एप्रिल 2012 पासून ही मान्यता असलेला शिक्षक इंग्लंडमधल्या शाळांतही पात्र शिक्षक म्हणून शिकवू शकतो. अट एकच: व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व चालू ठेवायचे, आणि त्याची वर्गणी स्वतःच भरायची.